उघडलंच आहे तर

आमच्या गाडीच्या काट्यावर गेल्या महिन्यात १,९८,००० किलोमीटर पुरे झाले. पृथ्वीचा घेर साधारण चाळीस हजार किलोमीटर. त्या हिशेबानं गाडीच्या पाचेक पृथ्वीप्रदक्षिणा झाल्या; त्यातल्या निदान चार धायरी ते शिवाजीनगर एवढ्याच टापूत. गाडी २००८ सालची. तिच्या कंपनीचं नाव मी मुद्दामच घेत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात कंपनीकडं बोट दाखवण्यासारखं काही नाही. कंपनीनं गाडीबरोबर एक पुस्तिका दिली होती आणि तिच्यात सगळं लिहिलेलं होतं. ती पुस्तिका मी पंधरा वर्षं डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढता, जपून ठेवली. गाडीतल्या एवढ्या एकाच वस्तूची मी नीट देखभाल केली म्हणायची.

"गाडी जुनी झाली की तिला बिघडायच्या आधी आणायची असते, साहेब," आमचे मिस्त्री म्हणतात. म्हणजे गाडी उत्तम चालत असताना गॅरेजात जायचं, न फुटलेला पाइप बदलायचा, न तुटलेला पट्टा काढून टाकायचा, पैसे मोजायचे आणि होती तशीच गाडी घेऊन घरी यायचं. याला मराठीत 'प्रतिबंधात्मक देखभाल' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला गणपतीआधी पोलीस करतात ती प्रतिबंधात्मक कारवाई आठवते. कुणी अजून काही केलेलं नसतं, पण करील असा वहीम असतो, म्हणून आधीच उचलून आणायचं. आमच्या गाडीतल्या पाण्याच्या पंपाला मी अशा नुसत्या वहिमावरून धरायला तयार नव्हतो.

त्यात आम्ही 'चालतंय ना, मग हात लावू नका' या पंथाचे. पंखा आवाज करतोय, पण फिरतोय ना? दार फुगलंय, पण खांदा दिला की लागतंय ना? चालणाऱ्या वस्तूला हात लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. शिवाय मोडलेल्या वस्तूवर केलेल्या खर्चाची काही इज्जत असते. क्लच प्लेट जळाली आणि सात हजार गेले, की चार लोक हळहळतात, कुणी चहा पाजतं, ऑफिसात आठवडाभर तो विषय पुरतो. पण "परवा आमचा रेडिएटरचा पाइप फुटला नाही" अशी सुरुवात करून बघा. ऐकणारा जांभई देईल.

बरं, आम्ही गाडीचं काहीच करत नव्हतो असंही नाही. दसऱ्याला धुऊन-पुसून, टोपणावर कुंकवाचं स्वस्तिक काढून, झेंडूचा हार घालून, चाकापुढं नारळ फोडून यथासांग पूजा व्हायची. लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी. एअर फिल्टर मात्र तोच. तो जेव्हा अखेर बाहेर निघाला तेव्हा त्यात दोन पिंपळाची पानं, एका दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या आणि पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतली बरीचशी माती होती.

यात खरा विनोद असा, की माझ्याच घरात या शास्त्राचा अभ्यास पिढ्यानपिढ्या चालू आहे. फक्त तो माझ्याकडं नाही. बायको दरवर्षी कपाटातल्या पैठण्या बाहेर काढते, वारा देते आणि घड्या बदलून ठेवते, कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली तर जर तिथंच चिरते. डाळी-तांदूळ उन्हं दाखवून, बोरिक लावून डब्यात जातात. कुकरची रिंग गळायला लागायच्या आधीच नवी आणून ठेवलेली असते. कोकणातली माझी आत्या पावसाच्या तोंडावर आगोट भरते. लाकडं, मीठ, सुकी मासळी, कुळीथ असं सगळं मृगाच्या आत घरात, आणि कौलं परतून झालेली. आजोबा गावी बैलगाडी जुंपायच्या आधी चाकात वंगण घालत. वंगणाचं नळकांडं गाडीखाली टांगलेलंच असे. चाक कुरकुरायला लागल्यावर वंगण घालणारा माणूस त्यांच्या लेखी आळशीच. माझ्यापर्यंत येता येता या सगळ्यातून 'वंगण' हा शब्द तेवढा उरला, तोही सरकारी कचेरीत फाइल पुढं सरकवण्याच्या संदर्भात.

मधल्या पिढीचं, म्हणजे वडिलांचं, वेगळं होतं. त्यांची प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळ फियाट ११०० च्या घराण्यातली, म्हणून सगळे तिला फियाटच म्हणत. ती गाडी मालकाला विसरूच देत नसे. सकाळी चोक ओढा, थोडं थांबा, प्लग काढून पॉलिशपेपरनं घासा, कार्बोरेटरमध्ये कचरा आला तर फुंकर मारा. वडिलांच्या नखांत काळं असे आणि बोलण्यात 'पॉइंट' हा शब्द असे. मग १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या मालकाच्या हाती पडली आणि हिंदुस्थानातल्या मध्यमवर्गाचं यांत्रिक शिक्षण संपलं, असं माझं स्पष्ट मत आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन रोज सकाळी किल्ली फिरवली की सुरू व्हायचं. सुरू होतंय म्हटल्यावर टोपण उघडायचं कारणच उरलं नाही. त्यानंतर आलेल्या सगळ्या गाड्यांनी तोच पायंडा पुढं चालवला आणि माझ्यासारखी एक आख्खी पिढी तयार झाली, जिला बॉनेट उघडायचा खटका नेमका कुठं आहे हे घाटातच समजतं.

मला समजलं ते खंबाटकीच्या घाटात.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. कोल्हापूरला सासूबाईंच्या भाचीचं लग्न, गोरज मुहूर्त. गाडीत मी, बायको, सासूबाई आणि आहेराची भांडी. गाडी तेव्हा १,७१,००० किलोमीटर चाललेली. त्याआधी दोनेक महिने आमच्या पार्किंगच्या फरशीवर सकाळी हिरवट थेंब पडलेले असायचे. बायकोनं दोनदा दाखवले. मी म्हणालो, "एसीचं पाणी आहे." ती म्हणाली, "अहो, एसीचं पाणी हिरवं असतं का?" मी म्हणालो, "असतं." नवरेपणातून आलेल्या या अधिकारवाणीनं जगातली किती इंजिनं गेली असतील कोण जाणे. तो कूलंट होता. बाटलीतली पातळी उतरली की मी आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतायचो. कूलंट म्हणजे रंगीत पाणी आणि कंपन्यांची चलाखी, असा माझा समज होता. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळं पाणी उशिरा उकळतं आणि बाकीच्या औषधांमुळं आतलं लोखंड गंजत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे पुस्तिकेत होतं. बोअरच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या बारीक नळ्यांची अवस्था आमच्या गीझरच्या कॉइलसारखी करून ठेवली होती. वरचा रबरी पाइप १५ वर्षांत कडक होऊन गेला होता आणि क्लिपेपाशी त्याला केसाएवढी चीर पडली होती.

तेव्हा साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांना बोगदा आणि पुण्याहून जाणाऱ्यांना घाट, अशी वाटणी होती. दुपारचा दीड, चढण, पुढं सळया भरलेला ट्रेलर, पहिला गिअर. तापमानाचा काटा, जो इतकी वर्षं मधोमध बसून होता, तो उठला. मी एसी बंद केला. काटा चढतच राहिला. तेव्हा कुठंतरी वाचलेलं आठवलं, की अशा वेळी हीटर पूर्ण चालू करावा. त्यात तथ्य आहे. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता गाडीत सोडतो. तेवढाच इंजिनाला उतार. मी हीटर लावला. मे महिना, काचा खाली, बाहेरून ट्रेलरचा धूर आणि पुढून भट्टीचा वारा. मागून सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, आमचं काही चुकलं का?"

खामजाईच्या देवळापाशी गाडी कशीबशी बाजूला घेतली. तिथं पाण्यासाठी थांबलेल्या तापल्या गाड्या दिसणं नवीन नाही, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. पण मदतीला मात्र झुंबड उडाली. महाराष्ट्रात उघड्या बॉनेटइतकी गर्दी फक्त उघड्या लाउडस्पीकरपुढं होते. एक म्हणाला प्लग बघा, दुसरा म्हणाला कॉइल गेली, तिसऱ्यानं पेट्रोलमधल्या भेसळीपासून सुरुवात करून सरकार पाडलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेवढ्यात एक गॉगलवाला तरुण पुढं झाला, हाताला फडकं गुंडाळलं आणि म्हणाला, "सोप्पंय काका, झाकण उघडायचं आणि पाणी ओतायचं."

"ए बाळा!" मागच्या सीटवरून सासूबाई कडाडल्या. "घरी कुकर वाफेवर असताना झाकण काढतोस व्हय रे तू?"

तरुणाचा हात तिथंच थांबला, आणि त्याचं तोंड वाचलं. रेडिएटरचं झाकण म्हणजे खरोखर कुकरचीच शिट्टी आहे. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांऐवजी साधारण एकशे वीसपर्यंत न उकळता राहतं. झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून उघडणाऱ्याच्या अंगावर येतं. इतकं शास्त्र सासूबाईंना माहीत नव्हतं. त्यांना कुकर माहीत होता, आणि तेवढं पुरलं. पुढं त्यांनी आणखी एक सल्ला दिला: "गार होऊ दे चांगली. तापल्या तव्यावर गार पाणी ओतलं की तवा वाकडा होतो." 

पहिला सल्ला मी ऐकला. दुसरा ऐकला नाही, कारण मुहूर्त होता. वाफ बसल्यासारखी वाटली, तसं घाईघाईनं झाकण काढलं आणि टाकीचं गारेगार पाणी आत ओतलं. एका ट्रकवाल्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी पाइपाभोवती करकचून बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. दर वीस किलोमीटरला थांबत, पाणी घालत आम्ही कोल्हापूर गाठलं. अक्षता चुकल्या, शेवटच्या पंगतीत पांढरा रस्सा मिळाला, तांबडा संपला होता. सासूबाई याबद्दल मला अजून काही बोललेल्या नाहीत. त्यांचं न बोलणंही मला ऐकू येतं.

आठवड्यानं गाडी पांढरा धूर टाकायला लागली. मिस्त्रींकडं नेली. त्यांनी डिपस्टिक ओढली, उजेडात धरली आणि म्हणाले, "साहेब, चहा झालाय."

मी म्हटलं, "नको, आत्ताच घेऊन आलो."

"तुमचा नाही. ऑइलचा."

पट्टीवर खरोखरच दाट दुधाच्या चहासारखं काहीतरी लागलं होतं. तवा वाकडा झाला होता. म्हणजे इंजिनाचं हेड गरम होऊन किंचित वाकलं, गॅस्केट गेलं, आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं. हेड काढायचं, लेथवर पाठवून सपाट करून घ्यायचं, नवं गॅस्केट टाकायचं. मूळ रोग २२० रुपयांचा रबरी पाइप. पुढचा आकडा मिस्त्रींनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून दाखवला. असे आकडे तोंडानं सांगत नाहीत.

आणि मग ते वाक्य आलं, जे ऐकून भल्याभल्यांच्या ठेवी मोडल्या आहेत. "उघडलंच आहे तर..."

उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट बदलून टाकू. उघडलंच आहे तर टेन्शनर, पाण्याचा पंप, दोन ऑइल सील. हेच वाक्य दातांचे डॉक्टर बोलतात, हेच नळदुरुस्तीवाला न्हाणीघराची फरशी फोडल्यावर बोलतो. माणूस एकदा उघडा पडला की काय काय टाकावं लागेल याला सुमार नाही. पण मिस्त्रींची बाजू न्यायाची होती, हे नंतर कळलं. आमच्या गाडीत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्ट्यापर्यंत पोचायलाच अर्धा दिवस लागतो. मग पंपासाठी पुन्हा तीच मजुरी कशाला द्यायची?

या पट्ट्याशी माझं जुनं वैर. एक लाख किलोमीटरला बदला, असं मिस्त्री २०१७ पासून सांगत होते. मी विचारायचो, "काय झालंय त्याला?" ते म्हणायचे, "काही नाही झालेलं." "आवाज येतो?" "नाही." "मग झालं तर!" असा संवाद आमच्यात दर सर्व्हिसिंगला होई आणि दर वेळी मीच जिंकत असे.

पट्टा काय करतो ते मला मिस्त्रींनी त्या दिवशी उघड्या इंजिनापाशी उभं करून दाखवलं. खाली क्रँकशाफ्ट, वर कॅमशाफ्ट, आणि दोघांना बांधून ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. खालचे दोन फेरे झाले की वरचा एक. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर वरचा दांडा १५०० घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्हनं तिथून निघून गेलेलं असावं लागतं. शाळेतलं लेझीम आठवा. सगळे तालात असतात तोवर केवढं सुंदर दिसतं. एक जण हलगीचा ठोका चुकला की शेजाऱ्याच्या नाकावर लेझीम. पट्टा तुटला की हलगीच थांबते. काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात जागा राखलेली असते, तिथं गाडी नुसती बंद पडते. आमच्यात नव्हती. "वाकडे झाले असते सगळे," मिस्त्री बोटं वाकडी करून म्हणाले. "आणि हा सांगून तुटत नाही."

काम झाल्यावर जुना पट्टा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. प्रामाणिक मिस्त्रींची ही पद्धत आहे, जुना माल गिऱ्हाइकाला दाखवायचा. घरी बायकोनं तो उलटसुलट केला. "चांगला तर आहे की हो!" मी तो आतून वाकवून दाखवला. दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या, मे महिन्यातल्या तळ्यासारख्या. तिनं त्या पाहिल्या, पट्टा पुन्हा सरळ केला आणि म्हणाली, "सरळ ठेवला की दिसत नाहीत." पट्टा माळ्यावर आहे. कधीतरी उपयोगी पडेल.

त्यानंतर मी बदललो, आणि वाजवीपेक्षा जरा जास्तच बदललो. शुगर निघाल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला टेकडीवर दिसतो तसं. मी एक दोनशेपानी वही केली. पुस्तिका पिशवीतून बाहेर काढली. तिला अजून नव्या गाडीचा वास येत होता.

पहिल्याच रविवारी मी टायरवरचे आकडे वाचायला शिकलो. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चाकांवरचे टायर मधे एकदा बदललेले होते. डिकीतल्या स्टेपनीवर मात्र होतं १४०८, म्हणजे २००८ चा चौदावा आठवडा. ही बाई गाडीबरोबर सासरी आली आणि पंधरा वर्षं तिचा जमिनीला पाय लागला नव्हता. अंगावरची नव्या रबराची लवही शाबूत. मी कौतुकानं बायकोला बोलावलं. तिनं वाकून बघितलं आणि कडेच्या चिरांवर बोट ठेवलं. "घडी बदलली नाही तुम्ही हिची." रबर वापरलं नाही म्हणून टिकत नाही, ते नुसतं बसूनही वाळतं, हे तिला पैठणीवरून आधीच ठाऊक होतं. तिसऱ्यांदा माझ्या मोटारविद्येवर माजघरानं मात केली.

ब्रेक ऑइलचं तर मला पापडावरून समजलं. ब्रेक ऑइल सादळतं. उघड्या पापडासारखं ते हवेतली ओल ओढून घेतं, डबा बंद असला तरी वर्षानुवर्षांत थोडी थोडी. डॉट-३ जातीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये असा दंडक आहे. सादळलेल्याला तीच मर्यादा १४० ची. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलं की ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल थेट तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. आमचं कधी बदललं होतं? मिस्त्रींनी बाटलीत डोकावून बघितलं आणि उलट मलाच विचारलं, "कधी भरलं होतं कंपनीनं?" आणि या ऑइलवर मी वरंधा घाट उतरलो होतो, शेजारच्या सीटवर बसून शेंगा खाणाऱ्या मेव्हण्याला निसर्ग दाखवत.

इंजिन ऑइलबद्दल एवढंच सांगतो, की ते काळं पडलं म्हणून घाबरायचं नाही; घाण पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते पातळी उतरली तर. जुनं इंजिन ऑइल पितं, कुणी थोडं, कुणी बरंच, आणि पिणाऱ्याप्रमाणेच विचारल्यावर नाही म्हणतं. पंधरा दिवसांनी पट्टी ओढून बघायची. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, आणि तीही खडकात.

सगळ्यात मजा आवाजांची. मराठीत नादाच्या शब्दांची चंगळ आहे, आणि तिचा खरा उपयोग साहित्यिकांनी नव्हे, गॅरेजवाल्यांनी केला. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढं घेतली की कट-कट होतंय? एक्सलचा जॉइंट. स्पीडब्रेकरवर खट्? लिंक रॉड नाहीतर बुश. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना कुईंऽऽ? फॅन बेल्ट. वेगाबरोबर चढत जाणारी घर्रघर्र, चाकाची बेअरिंग. ब्रेक लावताना चर्रर्र, पॅड संपले. मी इतका तयार झालो की सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांची निदानं करायला लागलो. एका गृहस्थांना काच खाली करायला लावून म्हटलं, "तुमचा डावा पुढचा लिंक रॉड." ते म्हणाले, "तुमचा हिरवा दिवा." मागच्या रिक्षावाल्यानं तोवर माझं निदान सुरू केलं होतं.

शेवटी मिस्त्रीच कंटाळले. म्हणाले, "साहेब, दर रविवारी बॅटरीचे टर्मिनल उघडून पुसू नका. बोल्ट झिजेल." मी वहीत लिहून घेतलं.

त्याच सुमारास गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली आणि आरटीओकडून नोंदणीचं नूतनीकरण करायची वेळ आली. पाच हजार फी, वर पर्यावरण कर, आणि पाच वर्षांची मुदतवाढ. वडील दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात, तसलाच हा प्रकार. साहेबांनी दिवे लावून बघितले, हॉर्न ऐकला, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासलेली चिठ्ठी ताडून पाहिली. मी वही काढून कूलंटची तारीख सांगू लागलो. "पुढची गाडी घ्या," ते म्हणाले. इतक्या चांगल्या वहीला कुणी विचारू नये याचं मला वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात पुन्हा कोल्हापूरला निघालो. बारसं होतं, त्याच भाचीच्या बाळाचं. पुन्हा मी, बायको, सासूबाई; आहेराऐवजी पाळण्याचं सामान. खंबाटकीची चढण लागली. मी रस्त्याकडं कमी आणि काट्याकडं जास्त बघत होतो. काटा मधोमध. ट्रक आला, पहिला गिअर पडला, काटा मधोमध. एसी चालू. मागं सासूबाईंना डुलकी लागलेली. पंधरा वर्षं मी त्या काट्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आता तो हलत नाही म्हणून मला चैन पडेना. खामजाईपाशी आपसूक गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"मग थांबलात का?"

याला उत्तर नव्हतं. मी उतरून देवीला हात जोडले, बॉनेटवर हात ठेवून बघितला आणि उभा राहिलो. दोन मिनिटांत एक मोटारसायकल थांबली. विशीतला पोरगा, पाठीला सॅक. "काका, गरम झाली का?"

"नाही रे. काही झालेलं नाही."

"लाजू नका काका. जुन्या गाड्यांचं होतंच."

"खरंच काही नाही."

"काही नाही कसं?" काच खाली करून बायको म्हणाली. "सगळा हिशेब वहीत आहे. यंदाचे नऊ हजार चारशे लागलेत काही नाही व्हायला."

पोराला काहीच समजलं नाही, पण माझ्या तोंडावरचं समाधान त्याला संशयास्पद वाटलं असावं. "बॉनेट तर उघडा, बघू." मलाही कुणाला तरी दाखवायचंच होतं. उघडलं. नवा पाइप, नव्या क्लिपा, टर्मिनलवर व्हॅसलीनचा पातळ हात, बाटलीत हिरवागार कूलंट अगदी रेषेवर. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. नाव ठेवण्यासारखं काही सापडेना, तसा जरा हिरमुसला.

"उघडलंच आहे तर पाणी बघून घेऊ की, काका," असं म्हणून त्यानं रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला.

मागची काच सरसर खाली झाली.